आयोवातले डोंगर, बटाट्याची पोळी आणि ९८ वर्षं चाललेलं वर्तमानपत्र

गेल्या अंकात मी राहते त्या विनेशिक काउंटीबद्दल लिहिलं होतं. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातलं आयोवा राज्य, त्याच्या ईशान्य कोपऱ्यात ही काउंटी आणि तिचं मुख्य गाव डिकोरा. वाईहून इथे आले त्याला २३ वर्षं झाली. यजमान जनावरांचे डॉक्टर, त्यामुळे इथल्या गोठ्यागोठ्यांतून माझंही फिरणं झालं. लेखावर एवढी पत्रं आली, की संपादकांनी या महिन्याची पानं प्रश्नोत्तरांनाच दिली. सगळी पत्रं घेता आली नाहीत. एकाच विषयावरची एकत्र केली आहेत.

काउंटी म्हणजे जिल्हा की तालुका? आणि अमेरिकेच्या नकाशात काउंट्या पट्टीने आखल्यासारख्या का दिसतात? (इयत्ता आठवीतला विद्यार्थी, नाशिक)

बाळा, कामकाज पाहिलंस तर जिल्हा, आकार पाहिलास तर तालुका. विनेशिकचं क्षेत्रफळ सुमारे १७८७ चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेत माणसं फक्त २०,०७०. एवढ्या माणसांसाठी स्वतःचं न्यायालय, स्वतःचा शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख, जमिनीच्या नोंदींचं स्वतःचं कार्यालय आणि लोकांनी निवडून दिलेलं पर्यवेक्षक मंडळ आहे. आयोवात अशा ९९ काउंट्या आहेत.

आणि हो, त्या खरंच पट्टीने आखल्या आहेत. १७८५ च्या कायद्याने मोजणीदारांनी जमीन आधी मोजली, वस्ती नंतर आली. सहा मैल बाय सहा मैल म्हणजे एक टाउनशिप, तिचे ३६ चौकोन, प्रत्येक चौकोन ६४० एकरांचा. त्यातला १६ नंबरचा चौकोन शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवलेला. आमच्या काउंटीत अशा २० टाउनशिप आहेत आणि उत्तरेची हद्द म्हणजेच मिनेसोटा राज्याची हद्द.

तुला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. इथे सरळ उत्तरेकडे जाणारा खडीचा रस्ता कधी कधी भर शेतात काटकोनात वळतो, थोडं अंतर जातो आणि पुन्हा उत्तरेला लागतो. मध्ये ना ओढा, ना घर. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे उत्तरेकडे जाताना रेखावृत्तं एकमेकांजवळ येतात आणि चौकोन जुळेनासे होतात. म्हणून मोजणीदारांनी ठरावीक अंतरावर चूक दुरुस्त करणारी रेघ मारली. रस्त्याचं ते वळण म्हणजे पृथ्वीची गोलाई. मी पहिल्यांदा ते समजून घेतलं तेव्हा गाडी थांबवून खाली उतरले होते.

आयोवा म्हणजे सपाट, अशीच माझी समजूत. तुमच्या लेखासोबतच्या फोटोत तर कडे आणि दऱ्या आहेत. हे कसं? (निवृत्त भूगोल शिक्षक, कराड)

सर, तुमची समजूत बरोबरच आहे. बाकीचं बरंचसं आयोवा बर्फाने घासून सपाट केलंय. पण शेवटच्या हिमयुगातले बर्फाचे थर आमच्या कोपऱ्यात पोचलेच नाहीत. त्यामुळे नद्यांनी कोरलेल्या जुन्या दऱ्या तशाच राहिल्या. अप्पर आयोवा नावाची नदी चुनखडीच्या पांढऱ्या कड्यांखालून वळणं घेत जाते. पावसाळ्याआधीच्या कृष्णेसारखं संथ पाणी आणि वर उभी भिंत, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

खडक चुनखडीचा, म्हणून आतून पोकळ. जमीन मध्येच खचून खड्डे पडतात, ओढे गडप होतात आणि दुसरीकडे झरे होऊन फुटतात. झऱ्यांचं पाणी भर उन्हाळ्यातही बर्फासारखं गार असतं, त्यात ट्राउट मासा होतो. याचीच दुसरी बाजू म्हणजे शेतात टाकलेलं खत आणि गोठ्यातलं शेण खडकाच्या भेगांतून थेट भूजलात जातं. इथे विहिरीचं पाणी तपासून घेणं हे घरचं नेहमीचं काम आहे.

गावाला लागूनच बर्फाची गुहा आहे. हिवाळ्यात गेलात तर आत बर्फ जवळजवळ नसतो. मे-जूनमध्ये जा, म्हणजे भिंतीवर हाताएवढा जाड थर दिसेल! हिवाळाभर थंड, जड हवा खडकाच्या भेगांत उतरून बसते आणि खडक गोठणबिंदूखाली जातो. वसंतात वरचा बर्फ वितळून पाणी झिरपलं, की ते त्या गार खडकाला लागून गोठतं. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असतात आणि गुहेच्या तोंडाशी उभं राहिलं की घोट्यांना थंडी झोंबते. माझी आई आली होती तेव्हा तिने त्या बर्फावर तळहात टेकवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

आता तुमच्यातल्या शिक्षकासाठी. डिकोरा गाव ज्या जमिनीवर आहे तिच्याखाली साडेपाच किलोमीटर रुंदीचं उल्काविवर पुरलेलं आहे. वरून काहीही दिसत नाही. बोअर मारताना निघालेल्या खडकाच्या चुऱ्याचे नमुने लोकांनी जपून ठेवले होते. त्यात एक वेगळाच शेल, म्हणजे चिखलाचे थर घट्ट होऊन झालेला खडक, सापडू लागला आणि तो सापडलेल्या जागा नकाशावर मांडल्यावर गोल तयार झाला. पुढे २०१३ मध्ये विमानातून केलेल्या सर्वेक्षणाने त्याला दुजोरा मिळाला. या शेलमधले जीवाश्म काढण्यासाठी २०१० मध्ये नदीला तात्पुरता बांध घालून पात्र कोरडं केलं होतं. त्यातून जो समुद्री विंचू निघाला त्याची लांबी सुमारे १.७ मीटर, म्हणजे पुरुषभर, आणि वय ४६ कोटी ७० लाख वर्षं. २०१५ मध्ये त्याचं शास्त्रीय नाव जाहीर झालं, त्यात डिकोरा आहे. समुद्रापासून दीड हजार किलोमीटरवर राहणाऱ्या शाळकरी पोरांना आपल्या गावाखाली समुद्र होता हे तोंडपाठ असतं.

विनेशिक, डिकोरा ही नावं इंग्रजी वाटत नाहीत. मूळचे लोक कोण आणि ते गेले कुठे? (नागपूर)

ही दोन्ही नावं माणसांची आहेत. विनेशिक आणि वॉकन डिकोरा हे होचंक या मूळ अमेरिकी जमातीचे पुढारी. होचंकांची भूमी खरी तर मिसिसिपीपलीकडे विस्कॉन्सिनात. तिथून करारांच्या जोरावर त्यांना १८४० मध्ये सक्तीने इथल्या ‘तटस्थ पट्ट्या’त आणलं. या पट्ट्याच्या एका बाजूला डकोटा, दुसऱ्या बाजूला सॉक आणि मेस्क्वाकी या जमाती, मध्ये हे. त्यांच्यासाठी म्हणून सरकारने फोर्ट अ‍ॅटकिन्सन हा किल्ला बांधला. शेजाऱ्यांपासून त्यांचं रक्षण करायचं, गोऱ्या वसाहतवाल्यांना आत येऊ द्यायचं नाही आणि होचंकांना बाहेर जाऊ द्यायचं नाही, ही तिन्ही कामं एकाच फौजेकडे होती. किल्ल्याच्या पिवळसर दगडी भिंती अजून उभ्या आहेत.

आठ वर्षांत तेही संपलं. १८४८ मध्ये त्यांना मिनेसोटात हलवलं, तिथून पुन्हा मिनेसोटातच दुसरीकडे, १८६३ मध्ये साउथ डकोटाच्या ओसाड जागी आणि १८६५ मध्ये नेब्रास्कात. कितीतरी जण पायी विस्कॉन्सिनला परतले. त्यांचे वंशज आज विस्कॉन्सिन आणि नेब्रास्कात आहेत. होचंक गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, डिकोऱ्यात पहिलं गोरं कुटुंब घर बांधून राहिलं. ही दोन वर्षं मी नेहमी जोडूनच सांगते. इथल्या कुठल्याही शेताचा इतिहास ‘ओसाड माळरान होतं’ असा सुरू झाला, की मला तो अर्धा वाटतो. ज्यांना राहू दिलं नाही त्यांचं नाव मात्र न्यायालयाच्या पाटीवर, शाळेवर आणि पाण्याच्या टाकीवर राहिलं.

मुलीला तुमच्या गावातल्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. आम्ही शाकाहारी. थंडी झेपेल का? माणसं कशी आहेत? (एक आई, कोल्हापूर)

ताई, थंडीबद्दल खरं तेच सांगते. उणे २० सेल्सिअसच्या खाली जाणारे दिवस दर हिवाळ्यात येतात. स्वेटर कोल्हापुरातून आणू नका, इथे उपयोगाचे नसतात. जाड कोट आणि बूट इथे आल्यावर घ्या, ओळखीने वापरलेलेही चांगले मिळतात. रेल्वे नाही. रॉचेस्टरचा विमानतळ मोटारीने सव्वा तासावर, मिनीआपोलिसचा पावणेतीन तासांवर. डाळ-तांदूळ आता गावातल्या सहकारी दुकानात मिळतात. गोडा मसाला, मेतकूट, कोकम मात्र बॅगेत घाला.

लूथर कॉलेज नॉर्वेहून आलेल्या लोकांनी १८६१ मध्ये, आपले पाद्री आणि शिक्षक घडवण्यासाठी सुरू केलं. पुढच्याच वर्षी ते डिकोऱ्याला आलं. मुलींना तिथे १९३६ पासून प्रवेश मिळतो. तिथलं समूहगायन ऐकायला लांबून लोक येतात. तुमची मुलगी गात असेल तर तिला सांगा, लाजू नकोस.

माणसं अबोल वाटतील. चौकशा करणार नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षी मला वाटायचं की कुणाला आपली फिकीर नाही. एकदा बर्फ पडल्यावर पहाटे उठून पाहते तर आमच्या दाराची वाट साफ केलेली. कुणी केली हे कळायला मला दोन हिवाळे लागले. शेजारचे आजोबा होते, आणि मी आभार मानायला गेले तर त्यांनी हवामानाचा विषय काढला.

त्यांच्याच घरी मी लेफ्से शिकले. हे तुमच्या मुलीला नक्की आवडेल, कारण ही सरळ बटाट्याची पोळी आहे. उकडलेले बटाटे पुरणयंत्रासारख्या साच्यातून दाबून काढायचे, गरम असतानाच लोणी आणि साय घालायची, रात्रभर गार करायचं. सकाळी मैदा मिसळून गोळे. लाटण्यावर बारीक खाचा असतात आणि त्यावर कापडाची पिशवी चढवलेली, म्हणजे चिकटत नाही. पोळी ताटापेक्षा मोठी आणि इतकी पातळ, की पोळपाटावर घातलेल्या कापडाची वीण दिसते. ती उचलायला हातभर लांब, चपटी काठी असते. मधोमध सरकवायची, घडी उचलायची आणि तव्यावर उलगडायची. काठी हातात दिल्यावर आजी मला म्हणाल्या, ‘तू हे आधी केलंयस.’ मी म्हटलं, पुरणपोळी. मग ती कशी करायची हे त्यांना दाखवण्यात दुपार गेली. नाताळच्या आधी चर्चच्या तळघरात दहा-बारा बायका मिळून शेकड्यांनी लेफ्से लाटतात. आता त्यात एक लाटणं माझं असतं.

ते लोक अजून नॉर्वेजियन बोलतात का? माझी नातवंडं मराठी समजतात, बोलत नाहीत. (बडोदा)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण हाच प्रश्न माझ्या घरातही आहे.

नॉर्वेची कुटुंबं इथे १८५० पासून येऊ लागली. १८५३ च्या डिसेंबरात एका तरुण पाद्र्याची बायको, एलिझाबेथ कोरेन, इथे पोचली. राहायला जागा नव्हती, म्हणून हे दोघं एका शेतकरी कुटुंबाच्या ओंडक्यांच्या खोपटात राहिले. ते खोपट १४ फूट बाय १६ फूट, आत दोन संसार, मध्ये पडदा. तिने त्या हिवाळ्याची रोजनिशी लिहिली, म्हणून हे आपल्याला माहीत आहे. ते खोपट आता डिकोऱ्याच्या वेस्टरहाइम संग्रहालयात आहे. वेस्टरहाइम म्हणजे ‘पश्चिमेकडचं घर’. मी दाराशी उभी राहून पावलांनी मोजलंय. आमच्या वाईच्या माजघरापेक्षा लहान.

१८७४ मध्ये ब्रिनिल्ड आनुंदसेन या मुद्रकाने ‘डिकोरा-पोस्टेन’ हे नॉर्वेजियन वर्तमानपत्र काढलं. राजकारणाच्या भांडणात पडायचं नाही आणि घरच्या सगळ्यांना वाचायला काहीतरी द्यायचं, हे त्याचं धोरण. अमेरिकाभरच्या नॉर्वेजियन घरांत ते जायचं. १९१८ पासून त्यात ओला आणि पेर या दोन शेतकऱ्यांची चित्रमालिका येऊ लागली. दोघं बोलायचे ती भाषा म्हणजे गावाकडची नॉर्वेजियन आणि तिच्यात इंग्रजी शब्द सर्रास. यंत्र बिघडलं की इंग्रजी, राग आला की नॉर्वेजियन. आपण ‘गाडी पार्क करून येतो’ म्हणतो, तशीच. चित्रमालिका १९३५ मध्ये थांबली, पण लोकांनी ती सोडली नाही. जुनीच चित्रं पुन्हा पुन्हा छापत राहावी लागली.

१९७२ मध्ये, ९८ वर्षांनी, वर्तमानपत्र बंद पडलं. वाचणारेच उरले नव्हते. आज रस्त्यात नॉर्वेजियन ऐकू येत नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, १९६७ पासून, मोठा उत्सव होतो. त्यात पोशाख, नाच, लाकडावरची फुलांची नक्षी, लेफ्से, सगळं असतं. भाषा तेवढी फलकांवर असते.

म्हणजे खाणं टिकलं, हस्तकला टिकली, गाणं टिकलं. भाषा तिसऱ्या-चौथ्या पिढीत गेली, आणि तीही एवढं दणकट वर्तमानपत्र, चर्च, कॉलेज पाठीशी असताना. कुणी ठरवून सोडली नाही. घरातल्या मोठ्यांनी मुलांशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली, एवढंच. मी माझ्या मुलाशी जेवताना मराठीच बोलते. तो इंग्रजीत उत्तर देतो, तरी बोलते. तुम्हीही नातवंडांच्या उत्तराची वाट न पाहता बोलत राहा, असं मला मनापासून वाटतं.

एका नामवंत युरोपीय संगीतकाराने तुमच्या भागात उन्हाळा काढला होता असं ऐकलं. खरं का? (मिरज)

खरं आहे. चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक. डिकोऱ्याच्या नैऋत्येला स्पिलव्हिल नावाचं चारशे वस्तीचंही नसलेलं चेक लोकांचं गाव आहे. तिथे ते ५ जून १८९३ रोजी बायको आणि सहा मुलांसह आले. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या हाताखाली काम करणारा योसेफ कोवार्झिक हा तरुण याच गावचा आणि त्याचे वडील गावचे मास्तर. घरच्या भाषेत बोलणारी माणसं मिळतील म्हणून ते आले. पहाटे उठून टर्की नदीकाठी फिरायचे आणि सात वाजता सेंट वेन्सेस्लॉस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. ८ ते १० जून, अवघ्या तीन दिवसांत त्यांनी ‘अमेरिकन’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या चौकडीचा, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचा, आराखडा लिहिला आणि २३ जूनला ती पुरी केली. लाल अंगाच्या, काळ्या पंखांच्या एका पक्ष्याची शीळ तिच्या तिसऱ्या भागात आहे. पहिल्यांदा ती वाजली ती मास्तरांच्या घरच्यांबरोबर. स्वतः द्वोर्झाक पहिल्या व्हायोलिनवर, मास्तर दुसऱ्या, त्यांची मुलगी व्हायोलावर आणि मुलगा चेलोवर. मिरजेच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, मोठं संगीत घरच्या बैठकीतच आधी वाजतं.

ज्या विटांच्या घरात ते राहिले तिथे आता बिली बंधूंची घड्याळं आहेत. फ्रँक आणि जोसेफ हे शेतकरी भाऊ. उन्हाळ्यात शेती, हिवाळ्यात लाकूडकाम. १९१३ पासून १९५८ पर्यंत त्यांनी माणसापेक्षा उंच, कोरीव घड्याळं केली. हेन्री फोर्डने एका घड्याळाला दहा लाख डॉलर देऊ केले, तरी त्यांनी विकलं नाही. शेवटी विकायची नाहीत आणि एकमेकांपासून तोडायची नाहीत या अटीवर सगळी गावाला देऊन टाकली.

इथे आम्हीही सोयाबीनच घेतो. तिकडचे शेतकरी बियाणं कुठून आणतात? आणि जुनं बियाणं जपणाऱ्या तुमच्याकडच्या संस्थेकडून टोमॅटोचं बी पाठवाल का? (शेतकरी, लातूर)

दादा, मका आणि सोयाबीनचं बी इथेही बहुतेक सगळे दरवर्षी कंपनीचंच विकत घेतात. आयोवातलं सरासरी शेत तीनशे-साडेतीनशे एकरांचं, ते एका कुटुंबाने यंत्रावर करायचं. आमच्या डोंगराळ भागात गाई आणि चारा जास्त.

शेजारच्या हॉवर्ड काउंटीत शेतीशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग जन्मले, १९१४ मध्ये, नॉर्वेजियन शेतकऱ्याच्या घरी. ते शिकले ती एका खोलीची शाळा अजून आहे. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून त्यांच्या बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं आणलं. १९६५ मध्ये देशात गहू १२३ लाख टन झाला होता, १९७० मध्ये २०१ लाख टन. म्हणजे आमच्या शेजारच्या पोराचं काम तुमच्या घरच्या कणकेत आहे.

डिकोऱ्याच्या उत्तरेला सीड सेव्हर्स एक्स्चेंजचं ८९० एकरांचं शेत आहे. १९७५ मध्ये एका तरुण जोडप्याने ही संस्था सुरू केली. त्यातल्या बायकोच्या आजोबांनी दोन बियाणी दिली होती, एक गुलाबी टोमॅटो आणि एक जांभळी मॉर्निंग ग्लोरीची फुलं, जी त्यांच्या आईवडिलांनी जर्मनीतल्या बव्हेरियातून आणली होती. त्या दोनांपासून आज वीस हजारांच्या वर वाण झाले. ती जांभळी फुलं माझ्या कुंपणावर आहेत, आत लाल चांदणी असते.

बी मात्र मला पोस्टाने पाठवता येणार नाही. त्याला दोन्ही देशांची परवानगी आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि तो नियम योग्यच आहे. पण मी तिथे शिकले ते सांगते, तुमच्या घरच्या गावरान टोमॅटोवर करा. पहिली नाही, दुसरी-तिसरी फळं, निरोगी झाडाची, पूर्ण पिकू द्या. गर बियांसकट वाटीत काढा, थोडं पाणी घाला आणि तीन दिवस सावलीत आंबू द्या. वर पांढरी बुरशी आली तर घाबरू नका. चौथ्या दिवशी भरपूर पाण्यात धुवा. तरंगणारं बी टाका, तळाला बसलेलं ठेवा. चिनीमातीच्या ताटलीत पसरून सावलीत वाळवा, कागदावर नको, चिकटतं. मग पाकिटात भरा आणि त्यावर तीन गोष्टी लिहा: वाणाला घरात म्हणतात ते नाव, वर्ष, आणि बी कुणाकडून आलं.